औषधाची पारख, माणसाची प्रतिष्ठा

विद्यापीठांनी प्रायोजित केलेल्या औषधचाचण्यांविषयी भाविकांनी काय जाणून घ्यावे?

१६ जून २०२० रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने एक घोषणा केली. करोनाच्या साथीने जगभर थैमान घातले होते, रुग्णालये अपुरी पडत होती आणि कोणत्या औषधाने प्राण वाचतील याविषयी दररोज नवी अफवा उठत होती. अशा वेळी मृत्यूचे प्रमाण कमी करणारे पहिले औषध हाती आल्याचे विद्यापीठाने जाहीर केले. त्याचे नाव डेक्सामेथासोन. ते कोणत्याही कंपनीने नव्याने शोधलेले नव्हते. सुमारे साठ वर्षांपासून दमा, सांधेदुखी, तीव्र ॲलर्जी अशा विकारांवर डॉक्टर ते देत आले आहेत आणि आपल्या गावच्या औषधांच्या दुकानातही ते अगदी अल्प किमतीत मिळते.

त्या बातमीने जगाला दिलासा मिळाला. परंतु हे सत्य कोणत्या मार्गाने हाती आले, याकडे आपल्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले. ती एक ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणजे रुग्णांच्या सहभागाने केलेली औषधचाचणी होती आणि तिची प्रायोजक औषधकंपनी नसून एक विद्यापीठ होते. अशा चाचण्या आज आपल्या देशातही होत आहेत. मोठ्या शहरांतील शिक्षण-रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णापुढे किंवा त्याच्या नातेवाइकापुढे एखादे दिवशी काही पाने ठेवली जातात आणि विचारले जाते, ‘आपण या अभ्यासात सहभागी व्हाल का?’ त्यावर आपल्या लोकांच्या प्रतिक्रिया साधारणपणे दोन प्रकारच्या असतात. काही जण दचकून म्हणतात, ‘आमच्यावर प्रयोग करणार की काय?’ तर काही जण एकही ओळ न वाचता डॉक्टरांनी बोट ठेवले तेथे सही करतात. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माहितीचा अभाव. भय आणि अंधविश्वास या दोहोंपासून दूर राहून ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाकडे कसे पाहावे, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चाचणी म्हणजे नेमके काय?

बायबलमधील दानीएलच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात एक उद्बोधक प्रसंग आहे. बाबेलच्या राजवाड्यात दानीएल आणि त्याचे तीन सोबती राजाच्या ताटातील अन्न व द्राक्षारस घेण्यास नकार देतात. आमची दहा दिवस परीक्षा करा, आम्हांला शाकाहार व पाणी द्या आणि मग राजान्न खाणाऱ्या तरुणांशी आमची तुलना करून पाहा, असे दानीएल कारभाऱ्याला सुचवतो. दहा दिवसांनी हे चौघे अधिक सुदृढ दिसतात. पवित्र लेखकाला येथे वैद्यकशास्त्र शिकवायचे नसून देवाची विश्वसनीयता सांगायची आहे, हे उघड आहे. तरीही तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये, ही साधी सुजाणता त्या कथेत आहेच.

औषधाच्या बाबतीत तुलना अपरिहार्य ठरते, कारण पुष्कळ आजार आपोआपच बरे होतात. ताप आलेल्या माणसाने काढा घेतला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय काढ्याला मिळते. काढा न घेणाऱ्या शेजाऱ्याचा तापही चौथ्याच दिवशी उतरला, हे कोणी मोजत नाही. म्हणून चाचणीत रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्या गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर नवे औषध देऊन परिणाम मोजतात.

परंतु कोणत्या गटात कोण जाणार, हे ठरवायचे कोणी? ते डॉक्टरांवर सोपवले, तर त्यांच्या नकळतही तुलनेने सशक्त रुग्ण एका गटात जाऊ शकतात आणि मग फरक औषधामुळे पडला की रुग्णाच्या मूळ प्रकृतीमुळे, हे कळत नाही. दानीएलच्या प्रसंगात तुलना होती, पण चिठ्ठी नव्हती. कोणी काय खावे हे त्या तरुणांनी स्वतःच ठरवले होते. आधुनिक चाचणीत हा निर्णय चिठ्ठी टाकल्याप्रमाणे संगणक करतो. त्यामुळे वय, वजन, मधुमेह, रक्तदाब, गरिबी, श्रीमंती हे सारे दोन्ही गटांत जवळजवळ सारखे वाटले जाते आणि उरणारा फरक औषधाचाच मानता येतो. काही चाचण्यांत औषधासारखीच दिसणारी, परंतु औषध नसलेली गोळी एका गटाला देतात. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळू देत नाहीत, म्हणजे आशा किंवा पूर्वग्रह निष्कर्षात मिसळत नाही. मात्र गंभीर आजारात ज्ञात उपचार बंद करून रुग्णाला केवळ खोट्या गोळीवर ठेवणे नीतीला धरून नाही.

नव्या औषधाला अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम थोड्या लोकांवर सुरक्षितता पाहतात, मग काही रुग्णांवर मात्रा व परिणाम तपासतात आणि त्यानंतर शेकडो किंवा हजारो रुग्णांमध्ये तुलना करतात. औषध बाजारात आल्यावरही त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवावी लागते. आपल्यापुढे कागद येतो तेव्हा ही चाचणी कोणत्या पायरीवरची आहे, हे विचारणे आपला अधिकार आहे.

प्रायोजक विद्यापीठ असते तेव्हा

‘प्रायोजक’ हा शब्द आपण क्रिकेटच्या सामन्यांमुळे ओळखतो आणि फलकावर नाव झळकावण्यासाठी पैसे देणारा तो प्रायोजक, असा आपला समज असतो. औषधचाचणीत या शब्दाचा अर्थ अधिक गंभीर आहे. चाचणी सुरू करण्याची, ती नीट चालवण्याची, सहभागी व्यक्तींच्या सुरक्षिततेची आणि निष्कर्षांची जबाबदारी ज्याच्या शिरावर असते तो प्रायोजक. पैसा कधी त्याचा असतो, तर कधी तो सरकारकडून किंवा एखाद्या न्यासाकडून येतो.

बहुतेक नव्या औषधांच्या चाचण्या कंपन्या प्रायोजित करतात. त्यात स्वभावतः काही गैर नाही, कारण कंपन्यांनी भांडवल घातल्यावाचून अनेक औषधे जन्मालाच आली नसती. परंतु कंपनीचा प्रश्न ठरलेला असतो : माझे औषध विक्रीची परवानगी मिळवण्याइतके गुणकारी आहे काय? पेटंटची मुदत संपलेले, दहा कारखान्यांत तयार होणारे स्वस्त औषध दुसऱ्या एखाद्या आजारावर चालेल काय, हा प्रश्न विचारून कोणत्याही कंपनीचा लाभ होत नाही. कमी मात्रा पुरेल काय, सहा महिन्यांऐवजी चार महिन्यांचे उपचार पुरतील काय, एखादे औषध दिले नाही तरी चालेल काय, हे प्रश्न तर व्यापाराला गैरसोयीचेच. गरीब रुग्णाच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न मोलाचे असतात आणि ते विचारण्याचे काम मुख्यतः विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये व सार्वजनिक संशोधन संस्था करीत असतात.

ऑक्सफर्डची ‘रिकव्हरी’ चाचणी हे याचे ठळक उदाहरण आहे. पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे या दोन प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली मार्च २०२० मध्ये, ब्रिटिश सरकारी निधीवर ती उभी राहिली. थकलेल्या डॉक्टर-परिचारिकांवर भार पडू नये म्हणून तिची कार्यपद्धती मुद्दाम सुटसुटीत ठेवली होती. जूनपर्यंत ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सुमारे १७५ रुग्णालयांतील ११,५०० हून अधिक रुग्ण तिच्यात सहभागी झाले होते.

डेक्सामेथासोनच्या तुलनेत २,१०४ रुग्णांना ते औषध मिळाले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांत नेहमीच्या उपचारांवर २८ दिवसांत शंभरी सुमारे ४१ जण दगावले. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २९ वर आले. केवळ प्राणवायू द्यावा लागणाऱ्यांत ते सुमारे २६ वरून २३ वर आले. मात्र ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना या औषधाचा काहीही लाभ झाला नाही. उलट त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण औषधाविना १४, तर औषधासह सुमारे १८ असे आढळले. हा फरक औषधामुळेच पडला असे खात्रीने म्हणता येण्याइतका तो मोठा नव्हता, पण सावध करण्यास पुरेसा होता.

या तिसऱ्या निष्कर्षाचे मोल आपल्या देशाने २०२१ साली जाणले. दुसऱ्या लाटेत सौम्य आजार असलेल्या अनेकांना घरच्या घरी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्याच सुमारास ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात आणि अन्यत्र अनेकांचे डोळे व प्राण घेतले. अनियंत्रित मधुमेहाबरोबरच स्टेरॉइडचा अयोग्य वापर हेही तज्ज्ञांनी त्याचे एक प्रमुख कारण सांगितले. औषध तेच होते. कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, ही चाचणीने शिकवलेली अर्धी गोष्ट मात्र वाटेत गळून पडली होती.

‘लाभ नाही’ हे उत्तरही उपकारकच

त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाचीही पारख केली. राष्ट्रप्रमुखांनी ज्याची जाहीर स्तुती केली, देशोदेशी ज्याची मागणी झाली, असे हे औषध. १,५६१ रुग्णांना ते देण्यात आले आणि ३,१५५ रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण शंभरी २७, तर न घेणाऱ्यांत २५ निघाले. इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांना त्यापासून लाभ नाही, हे जून २०२० मध्येच स्पष्ट झाले.

प्लाझ्माची कथा तर आपल्या अगदी जवळची आहे. करोनातून बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या रक्तातील प्लाझ्मा आजारी माणसाला द्यावा, ही कल्पना मनाला पटणारी होती. महाराष्ट्र शासनाने २९ जून २०२० रोजी ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रकल्प सुरू केला. गावोगावी, धर्मग्रामांतही, दात्यांचा शोध सुरू झाला. रात्री-अपरात्री मोबाइलवर रक्तगट कळवले जाऊ लागले आणि अनोळखी माणसे अनोळखी माणसांसाठी रक्तपेढीच्या दारात उभी राहिली.

त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजेच ‘आयसीएमआर’ने, देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले : प्लाझ्मा दिल्याने आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण घटले नाही. त्या चाचणीत प्लाझ्मातील प्रतिपिंडांची पातळी आधी तपासून घेता आली नव्हती, असा एक रास्त आक्षेप होता. म्हणून अधिक मोठ्या चाचणीची वाट पाहणे योग्यच होते. ऑक्सफर्डच्या चाचणीत भरपूर प्रतिपिंडे असलेलाच प्लाझ्मा वापरला गेला. ११,५५८ रुग्णांची तुलना झाली आणि दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण शंभरी २४ असे सारखेच निघाले. हे उत्तर जानेवारी २०२१ मध्ये कळले. भारतातील अधिकृत उपचारसूचीतून मात्र प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट शिखरावर पोहोचून गेल्यावर.

ज्या दात्यांनी प्लाझ्मा दिला त्यांचे प्रेम देवापुढे वाया गेलेले नाही. परंतु आईला रुग्णालयात एकटी सोडून प्लाझ्मासाठी शहरभर वणवण करणाऱ्या मुलांचे ते तास, ती उसनवारी आणि दाता मिळाला नाही म्हणून आयुष्यभर मनात राहिलेली ती बोच, हे सारे टळू शकले असते. प्लाझ्मा मिळाला असता तर आपले माणूस वाचले असते, असा सल ज्यांच्या मनात आजही आहे, त्यांना या चाचण्यांचे निष्कर्ष कोणीतरी जवळ बसून सांगायला हवेत. तुमच्या प्रयत्नांत काहीही उणे नव्हते. त्या उपचारातच ते सामर्थ्य नव्हते. नकारार्थी निष्कर्षही शोकाकुल माणसाला असा आधार देऊ शकतो.

आपल्याकडील एक उदाहरण

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव आपल्या धर्मप्रांतातील कित्येक कुटुंबांना ठाऊक आहे. केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखालील ही संस्था होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी जोडलेली आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला : स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन, म्हणजे दंतवैद्यही वापरतात ते भूल देणारे औषध, टोचले तर रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटेल काय? २०११ पासून भारतातील अकरा केंद्रांत १,६०० स्त्रिया या चाचणीत सहभागी झाल्या. सहा वर्षांनी हे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी शंभरी सुमारे ९० स्त्रिया हयात होत्या, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे ८६. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका चाचणीवरून जगभरची पद्धत बदलत नाही. अन्यत्रही तसेच आढळावे लागते. तरीही एवढ्या स्वस्त औषधाविषयी एवढा धीराचा प्रश्न विचारला जातो तो सार्वजनिक संस्थेतच, हे येथे दिसून येते. आणि त्या १,६०० भगिनींनी होकार दिला नसता, तर तो प्रश्न कागदावरच राहिला असता.

जखमांचा इतिहास

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणी निःशंक होऊ नये. ‘आमच्यावर प्रयोग करणार काय?’ या भीतीला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तेथील सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण केले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय उपलब्ध झाला, तरीही रोगाची वाटचाल पाहता यावी म्हणून तो त्यांना दिला गेला नाही आणि त्यांना सत्य सांगितलेही नाही. तेथील एक नामवंत शिक्षणसंस्थाही त्या कामात सामील होती. तेव्हा विद्यापीठाचे नाव आहे म्हणजे नीती आपोआप आली, असे मानून चालत नाही.

आपल्या देशातही २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लशीचा एक प्रकल्प राबवला गेला. ‘पाथ’ ही परदेशी संस्था आणि ‘आयसीएमआर’ त्यात सहभागी होत्या. वीस हजारांहून अधिक मुलींना लस देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लशीमुळे झाले असे चौकशीत आढळले नाही आणि ती लस उपयुक्त आहे हे आज जगभर मान्य झाले आहे. तरीही २०१३ मध्ये संसदीय समितीने त्या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. त्याचे एक मुख्य कारण म्हणजे संमतीपत्रे. आंध्रमधील तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या.

ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षपूर्वक वाचली पाहिजे. शाळा, वसतिगृहे, अनाथालये, वृद्धाश्रम चालवणारा आपला समाज आहे. त्या मुलींच्या आईवडिलांनी ज्यांच्या भरवशावर मुली सोपवल्या, त्यांनीच त्यांच्या नावाने सही केली. हेतू चांगला असेल, लसही चांगली असेल, पण दुसऱ्याच्या देहाविषयीचा होकार आपण देऊ शकत नाही. आपल्या संस्थेतील कोणीही फादर, सिस्टर वा मुख्याध्यापक यांनी पालकांच्या जागी सही करू नये. तसेच ‘फादर म्हणाले म्हणून सही केली’ ही संमती खऱ्या अर्थाने संमती होत नाही. धर्मगुरूने कागद समजावून द्यावा, प्रश्न विचारायला धीर द्यावा आणि मग बाजूला व्हावे.

कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

भारतात २०१९ च्या ‘नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमावली’ने या क्षेत्राला चौकट दिली आहे. ‘शैक्षणिक चाचणी’ असा एक स्वतंत्र प्रकार तिच्यात आहे. आधीच परवानगी मिळालेले औषध नव्या आजारासाठी, नव्या मात्रेत वा नव्या मार्गाने देऊन केवळ ज्ञानासाठी अभ्यास करायचा असेल, तर केंद्रीय औषध नियंत्रकांची स्वतंत्र परवानगी लागत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची संमती पुरते. यामुळे संशोधकांचा मार्ग सुकर होतो, परंतु त्या समितीवरील जबाबदारी तितकीच वाढते.

या समितीत कोण असावे, हेही नियमावली सांगते. किमान सात सदस्य असावेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत. एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री, एक सामान्य नागरिक असावा. आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, नीतितज्ज्ञ किंवा ईशज्ञानाचा अभ्यासक यांपैकी एकाला स्थान असावे. आपल्या धर्मग्रामांतील निवृत्त शिक्षक, वकील, परिचारिका, समाजसेविका यांनी या समित्यांवर जाण्याची तयारी ठेवावी, ही काळाची गरज आहे. ज्याला कागदावरील भाषा समजत नाही असा सामान्य सदस्य ‘हे मला कळले नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो शेकडो रुग्णांच्या वतीने बोलत असतो.

ख्रिस्तसभेने या विषयावर पुरेशा स्पष्टपणे शिकवण दिली आहे. पोप बाराव्या पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांवर भाषण केले होते. विज्ञानाची प्रगती वा समाजाचे हित ही मोठी मूल्ये असली, तरी त्यांच्यासाठी व्यक्तीला साधन बनवता येत नाही, असा त्याचा आशय होता. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९५ हाच विचार पुढे नेतो : टाळता येण्याजोगा किंवा प्रमाणाबाहेरचा धोका पत्करायला लावणारा प्रयोग आणि माणसाच्या जाणत्या संमतीविना केलेला प्रयोग समर्थनीय नाही, शिवाय जे कृत्य मुळातच माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्ध आहे, ते संमती मिळाल्यानेही योग्य ठरत नाही.

जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने डॉक्टरांना अशीच मर्यादा घालून दिली. त्याची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झाली. तिच्या पूर्वतयारीतील एक बैठक जानेवारी २०२४ मध्ये व्हॅटिकनमध्ये भरली होती आणि साधनसामग्री तुटपुंजी असलेल्या प्रदेशांतील संशोधन हा तिचा विषय होता. नव्या आवृत्तीत चाचणीतील माणसाला प्रयोगाचा ‘विषय’ न म्हणता ‘सहभागी’ म्हटले आहे. शब्दातला हा बदल आपल्या श्रद्धेच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

सही करण्यापूर्वी

आपल्यापुढे किंवा आपल्या आप्तापुढे असा कागद आला, तर पुढील प्रश्न निर्भयपणे विचारावेत. या चाचणीचा प्रायोजक कोण आणि पैसा कोणाचा? कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे? मी सहभागी झालो नाही, तर मला कोणते उपचार मिळतील? ज्ञात आणि संभाव्य धोके कोणते? इजा झाल्यास उपचारांचा खर्च व भरपाई कोण देणार? नैतिकता समितीची संमती आहे काय आणि तिच्याशी संपर्क कसा साधावा? भारताच्या सार्वजनिक चाचणी-नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’मध्ये, या चाचणीची नोंद झाली आहे काय? ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

माहितीपत्रक मराठीत मागावे, ते घरी नेऊन वाचावे. जीवघेणी तातडी नसेल, तर त्याच क्षणी सही करण्याचे बंधन नाही. नकार दिला म्हणून नेहमीच्या उपचारांत कसूर होता कामा नये आणि होकारानंतरही कोणतेही कारण न देता बाहेर पडता येते. आणखी एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी : चाचणी ही खास आपल्यासाठी योजलेली उपचारपद्धती नव्हे. चिठ्ठीने आपण कोणत्याही गटात जाऊ शकतो आणि नव्या औषधाचा लाभ होईलच असे नाही. लाभ झालाच, तर तो बहुधा आपल्यानंतर येणाऱ्या, आपल्याला कधीच न भेटणाऱ्या रुग्णाला होईल.

म्हणूनच मुक्त मनाने आणि समजून-उमजून दिलेला असा होकार हे शेजारप्रीतीचे कृत्य ठरू शकते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात त्या प्रवाशाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. त्या काळात जे औषध ज्ञात होते ते त्याने वापरले. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि पुढे लागेल त्याचीही हमी घेतली. सहभागी रुग्णाच्या बाबतीत प्रायोजकाने, मग ते विद्यापीठ असो वा कंपनी, नेमकी हीच हमी घ्यायची असते. आणि तशी हमी आहे की नाही हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. त्या दिवशी मिस्साबलिदानानंतर आजाऱ्यांना आशीर्वाद दिला जातो. त्याला जोडून प्रत्येक धर्मग्रामात एखाद्या डॉक्टरला वा परिचारिकेला बोलावून संमतीपत्र कसे वाचावे हे तासाभरात समजावून घेता येईल. धर्मग्राम परिषदांनी याचा अवश्य विचार करावा. कागद हाती येईल तेव्हा बहुधा मध्यरात्र असेल आणि घरचे माणूस आत खाटेवर असेल. ते वाचायला शिकण्याची ती वेळ नव्हे.